पायांच्या उशा

आई उठली हे आम्हाला भिंतीवरून कळायचं. आधी पलंगाची करकर, मग जरा शांतता, आणि मग तिच्या तळहाताचा आवाज: थप, थप, थप, झोपायच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत. सकाळची पहिली दहा-बारा पावलं तिला टाकवत नसत. टाचेत कोणीतरी खिळा ठोकतंय असं व्हायचं, म्हणून अर्धं वजन ती भिंतीला द्यायची. त्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक पिवळसर पट्टा उमटला होता, तिच्या हाताच्या खोबरेल तेलाचा. पप्पा दर वर्षी पेसाहच्या सणाआधी त्यावर पांढरा रंग मारायचे आणि दोन महिन्यांत पट्टा परत हजर. पप्पा म्हणायचे, "तुझ्या आईने घराला किनार लावलीय." मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते आणि त्या थपथपाटाने माझी झोप मोडते एवढंच मला त्याबद्दल वाटायचं. उशी कानावर ओढून घ्यायची मी. आता वाटतं, तो आवाज एकदा ऐकायला मिळावा म्हणून मी पहाटे चारला उठून बसेन. पण तेव्हाच्या मला हे सांगायला कोण जाणार, आणि सांगितलं तरी ती उशी कानावर ओढणारच.

बेर्शेबात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नसलेलं. ठाण्याहून इथे, ज्यूंच्या देशात, आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते, मराठी चौथी पास. ठाण्याला आई शाळेत शिकवायची. तिथे ती वर्गात फळ्यासमोर उभी राहायची आणि इथे इस्पितळाच्या स्वयंपाकघरात, सरकत्या पट्ट्यासमोर. पट्ट्यावरून ट्रे यायचे, आई प्रत्येकावर उकडलेल्या बटाट्यांचा डाव टाकायची. ती म्हणायची, "उभं राहणं तेच. फक्त बटाटे मुलांपेक्षा शांत असतात." घरी आली की पितळी घंगाळात गरम पाणी, त्यात मूठभर मीठ, त्यात पाय. दुखणं टाचेत सुरू झालं होतं. मग ते गुडघ्यात चढलं, मग कमरेत. पप्पा म्हणायचे, "एवढ्या जोमाने वर चढतंय, लिफ्ट मागत नाही, शहाणं आहे." आई हसायची. नंतर नंतर हसायची नाही, नुसती पाय उचलून घंगाळाबाहेर ठेवायची आणि पुसायला टॉवेल मागायची.

आमच्या घराचा एक नियम होता. दाराशी एक बुटकं लाकडी कपाट, त्यात चपला-बूट, आणि त्याच्या पुढे सगळे अनवाणी. पप्पा अनवाणी, मी अनवाणी, पाहुणे अनवाणी. यात वाद नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी आई काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाची वात लावायची, आणि शब्बाथच्या दिव्यासमोर रस्त्याची घाण घेऊन कोण जाणार? ठाण्यात असंच होतं, त्याआधी कोकणातल्या घरात असंच होतं. इथे मात्र आमच्या बिल्डिंगीत बाकी सगळे बूट घालून सोफ्यावर बसायचे. एकदा माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेचा प्रकल्प करायला घरी आली. नाव सांगत नाही, आता तिला नातवंडं होण्याची वेळ आलीय. तिने दारातली चपलांची रांग पाहिली, अनवाणी पप्पांकडे पाहिलं, एकदम आवाज खाली आणला आणि मला विचारलं, "कोण वारलं तुमच्याकडे?"

ते असं, की आपल्यात, ज्यूंमध्ये, घरी माणूस गेलं की सात दिवसांचं सुतक पाळतात, शिवा म्हणतात त्याला, आणि त्या सात दिवसांत घरचे चामड्याचे जोडे घालत नाहीत. त्या मुलीने अख्ख्या जन्मात अनवाणी घर पाहिलं होतं ते फक्त तेव्हाच. तिचं काही चुकलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ही गंमत तिने वर्गात सांगितली आणि पुढचा महिनाभर पोरं मला जिन्यात गाठून गंभीर चेहऱ्याने सांत्वन करायची. एकाने उकडलेलं अंडंसुद्धा आणलं, सुतकात देतात तसं. मी ते खाल्लं. भूक लागली होती. घरी आईला तेवढं अंड्याचं सांगितलं. पण त्या दिवसापासून मी कोणालाही घरी बोलावलं नाही.

दुखण्याने आईकडून जे नेलं ते मला फार उशिरा कळलं. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, बस नसतात. आपल्या लोकांचं, कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंचं, सिनेगॉग आमच्या घरापासून पायी पंचवीस मिनिटांवर, मध्ये एक लांब चढ. आधी आई दर शनिवारी सकाळी जायची, साडी नेसून, रिबकामावशीबरोबर. रिबकामावशी म्हणजे तिची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिथे वर बायकांच्या सज्जात ठाणं, पेण, अलिबाग, भायखळा सगळं बसलेलं असायचं. प्रार्थना संपली की हातबोशी. शेजारणीच्या बोटांना आपली बोटं लावायची आणि मग ती ओठांना, आणि पुढे, पुढे, सगळ्या सज्जातून. त्यानंतर अर्धा तास गप्पा, सगळ्या मराठीत. आठवडाभरात तिला मराठीत उत्तर मिळायचं ते त्या अर्ध्या तासात. पप्पा तिकडे मृत समुद्राजवळच्या कारखान्यात पाळीवर, आणि मी? मला ती मराठीत विचारायची, मी हिब्रूत उत्तर द्यायची. "जेवलीस काय गो?" हिब्रूत हो. "डबा आणलास का परत?" हिब्रूत नाही. मला वाटायचं मी मोठी सुधारलेली आहे.

तर तो चढ तिला जमेना. आधी एक आड एक शनिवारी जायची, मग सणाला, मग नाहीच. शनिवारी सकाळी साडी नेसून खिडकीशी बसायची. "नेसायला काय जातंय," म्हणायची. दुपारी मावशी परत जाताना वर यायची, प्रसादाचा मलिदा असला तर आणायची: भिजवलेले पोहे, गूळ, नारळ, खजूर. आई तिच्या हाताला हात लावून बोटं ओठांना न्यायची आणि विचारायची, "कोणाकोणाचा हात लागलाय याला?" मावशी नावं सांगायची. आई ती नावं पोह्यांबरोबर चावून खायची.

शेवटी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, मिद्रासिमची. म्हणजे बुटात घालायचे, आपल्या मापाचे खास बनवलेले तळवे. गावातल्या जुन्या भागात ग्रिशा नावाचा एक कारागीर ते बनवायचा, नुकताच रशियातून आलेला, टक्कल पडलेला, हात बेकरीवाल्यासारखे पांढरे. पण ते पीठ नव्हतं, प्लॅस्टर होतं. दुभाषी म्हणून मला शाळा बुडवून नेलं. दुकानात भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर पाय. नुसते पाय, पांढरे, जोडीजोडीने, घोट्याच्या खाली कापलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा. आई दारातच थांबली. "अगो," म्हणाली, "बाकीची माणसं कुठे ठेवलीत याने?"

ग्रिशाने आधी पायांकडे बघितलंच नाही. तिचे बूट मागितले. उलटे करून टाचा दाखवल्या, आतल्या बाजूने झिजून तिरक्या झालेल्या. "बाईंचं पाऊल आत पडतं," तो मला म्हणाला. "कमान बसलीय. पाऊल आत पडलं की गुडघा आत वळतो, गुडघा वळला की कंबर त्याला सांभाळायला वाकडी होते. दुखतंय वर, मोडलंय खाली. घराचा पाया एका बाजूला खचला की तडा तिसऱ्या मजल्यावर जातो, तसं." मी मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "आपण तिसऱ्याच मजल्यावर राहतो, त्याला सांग." मी नाही सांगितलं.

मग त्याने एक खोका आणला, आत फुलवाले वापरतात तसला हिरवा ठिसूळ स्पंज. त्यात पाय हलकेच दाबायचा, त्याचा ठसा उठतो, त्या ठशात प्लॅस्टर ओतलं की पाय तयार, आणि त्या पायावर मग बूच आणि चामडं तापवून बसवायचं. आईने मोजे काढले. तिच्या टाचा कोरड्या जमिनीसारख्या भेगाळलेल्या होत्या, आणि नेमकी त्याच वेळी दाराची घंटा वाजून ती वर्गातली मुलगी आत आली, आपल्या वडिलांबरोबर. बास्केटबॉल खेळायची ती, तिलाही मिद्रासिम हवे होते. समोरच्याच खुर्चीवर बसली. आईच्या टाचांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं आणि ओळखीचं हसली.

ग्रिशाने वही उघडली. "कामावर किती तास उभ्या?" मी आईला विचारलं, सांगितलं. "घरी किती तास उभ्या? घरी पायात काय घालतात?"

हा प्रश्न मी आईला विचारलाच नाही. म्हणाले, "बूट. चांगले बूट. दिवसभर."

ग्रिशाने लिहून घेतलं. आई स्पंजात पाय दाबून उभी होती, माझ्या खांद्याला धरून, सकाळी भिंतीला धरायची तशी.

दोन आठवड्यांनी तळवे मिळाले, टाचेखाली खोलगट, मध्ये उंचवटा. ग्रिशाने बजावलं होतं, पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, पायांना सवय होऊ द्या. आईने नाव ठेवलं, पायांच्या उशा. कामावर त्यांचं बरं वाटायचं, असं ती म्हणायची, ट्रेसमोर कंबर कमी धरते. मग घरी यायची, दारात बूट काढायची, उशा बुटांत, बूट कपाटात. पुढे रात्रीपर्यंत गार फरशीवर अनवाणी: पीठ मळायचं, कालवणाला नारळ खोवायचा, कपडे, लादी. आणि शुक्रवारची सुट्टी तर अख्खी चुलीपुढेच, माशांचं कालवण, भाकऱ्या, घाऱ्या, आणि शब्बाथला अख्खा दिवस घरात, म्हणजे अख्खा दिवस अनवाणी. भिंतीवरची थप थप काही थांबली नाही. मी उलट चिडायचे. "एवढ्या खास बनवून घेतल्या, तू नीट घालत नसशील!" हिब्रूत. आई म्हणायची, "घालते गो. पायच माझे नाठाळ."

तीन वर्षं. मी हे सहज लिहून टाकलं, पण थांबून सांगायला हवं. तीन वर्षं ती दर शनिवारी साडी नेसून खिडकीशी बसली.

मग, इथे मुलींनाही जावंच लागतं म्हणून, मी फौजेत गेले. माझी कल्पना अशी होती की देशाच्या सीमा आता माझ्यावर अवलंबून आहेत. प्रत्यक्षात मला एका गोदामात बसवलं, मोज्यांच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. पण त्याआधी महिनाभर कवायत होती, आणि त्या कवायतीने माझी टाच गेली. एका सकाळी बराकीत पलंगावरून उतरले आणि काही कळायच्या आत हात भिंतीला गेला. थप. मी तिथेच उभी राहिले. शेजारची मुलगी म्हणाली, काय झालं, मी म्हटलं काही नाही, आमच्या घरी असंच उठतात.

फौजेच्या दवाखान्यात एका बाईने मला तळवे दिले. रुक्ष बाई, तोंडात च्युइंगम. पंधरा दिवसांनी मी तक्रार घेऊन गेले, सुट्टीवरून परत आले की टाच पुन्हा दुखते. तिने विचारलं, "सुट्टीत घरी काय घालतेस पायात?"

"काही नाही. आम्ही अनवाणी असतो." फौजेत मला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून तोंडातून सहज निघालं.

"मग काय होणार? कठीण फरशीवर अनवाणी! हे तळवे औषध नाहीत, आधार आहेत. पायाखाली असतील तेव्हाच धरतात. दिवसा सांभाळायचं आणि संध्याकाळी परत मोडायचं, असं चाललंय तुझं. घरासाठी वेगळी सँडल घे, त्यात हेच बसवून मिळतात. हे कोणी सांगितलं नाही तुला?"

मी खुर्चीवर बसून राहिले. ती बाई म्हणाली, "तुला पाणी हवंय का?"

त्या शुक्रवारी बसमध्ये मी सगळं जुळवून ठेवलं, काय बोलायचं, कोणत्या शब्दांत. मराठीत बोलायचं ठरवलं होतं. घरी आले, बूट काढले. आई विळीवर नारळ खोवत होती, स्टुलावर एक पाय वर घेऊन.

"आई, त्या ग्रिशाने विचारलं होतं ना, घरी काय घालता... मी त्याला खोटं सांगितलं."

"हो ना. 'बूट. चांगले बूट. दिवसभर,'" आई हिब्रूत म्हणाली, अगदी माझ्या आवाजात. हात थांबला नाही तिचा.

"तुला कळलं होतं?"

"अगो, सहा वर्षं झाली होती मला इथे. घर आणि बूट एवढं कळणार नाही? तुला नेलं होतं ते मोठमोठ्या शब्दांसाठी."

"मग बोलली का नाहीस?"

"ती मुलगी बसलेली ना समोर, अंडंवाल्यांच्या वर्गातली. तुझे कान असे लाल झालेले. म्हटलं, पोरीला चारचौघांत खोटं कशाला पाडा." तिने करवंटी फिरवली. "बघ, काळं आलं यात, बोलण्याच्या नादात."

"पण नंतर? घरी आल्यावर? आई, त्याच्यामुळेच गुण आला नाही तुला! घरी अनवाणी असतेस म्हणून! तीन वर्षं!"

तेव्हा मात्र हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या पायांकडे, दुसऱ्याच कोणाचे असावेत तसं.

"असं होय?" ती म्हणाली. "मला वाटलं वही भरायला विचारतोय. जात काय, गाव काय, विचारतात ना, तसं." वर घेतलेल्या टाचेवर बोट टेकवून म्हणाली, "म्हणजे पाय नाठाळ नव्हते."

मी रडायला लागले. ती उठली, स्टुलाला धरून, ओट्याला धरून, माझ्यापर्यंत आली. "रडायचं तर तिकडे जाऊन रड. कालवणात मीठ घातलंय मी आधीच."

दुसऱ्यांदा ग्रिशाकडे गेलो तेव्हा तो वही उघडतो न उघडतो तोच आईने आपल्या हिब्रूत सुनावलं, "घरी अनवाणी! इंडिया!" सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. ग्रिशाने कपाळावर हात मारला, तिथे प्लॅस्टरचा ठिपका राहिला. "हे आधी नाही का सांगायचं?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. आईच म्हणाली, "ती तेव्हा लहान होती." नवे ठसे घेतले, नवे पाय ओतले. घरासाठी बुचाच्या तळाच्या कापडी सँडल्स, त्यात आतूनच उंचवटा बसवलेला.

दिव्यासमोर चपला हा प्रश्न राहिला. त्यावर घरात दोन शुक्रवार चर्चा झाली. मावशी म्हणाली, पाप लागेल. पप्पांनी निकाल दिला: ज्या चपलेने रस्ता पाहिलाच नाही ती चप्पल नव्हे, तो पायाचा भाग. आईला हे पटलं की तिने पटवून घेतलं, माहीत नाही. पण त्या सँडल्सना तिने 'घरातल्या' असं नाव दिलं आणि त्या कपाटात कधी गेल्या नाहीत. रात्री पलंगाखाली एका पाटावर ठेवायची. सकाळी पाय खाली सोडले की थेट त्यांत.

एकदम काही झालं नाही. पहिला आठवडा पोटऱ्या दुखल्या. ग्रिशाने सांगितलेला व्यायाम ती जिन्याच्या पायरीवर करायची, टाचा खाली सोडून, कठड्याला धरून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शेजाऱ्यांना शालोम म्हणायची. मग एका सुट्टीत मी सकाळी जागी झाले तर घर गप्प. मला वाटलं, आई अजून उठली नाही. बाहेर आले तर ती चहा गाळत होती.

ती पुन्हा सिनेगॉगला निघाली त्या पहिल्या शब्बाथला मी मुद्दाम रजा घेऊन आले. तिने अंजिरी साडी नेसली, पायात बूट, बुटांत उशा. चढापाशी मी हात पुढे केला. तिने पाहिलंच नाही, चढायला लागली. वर पोचून मागे वळून म्हणाली, "ये गो हळूहळू. फौज का ही?" सज्जात बायका उभ्या राहिल्या. हातबोशी सुरू झाली ती संपेचना. एकीचा हात लागला की ती बोटं ओठांना न्यायची, तोवर दुसरीचा पुढे. मी मागच्या बाकावर बसून बघत होते. आई हसते तेव्हा तिचा डावा खांदा वर जातो, हे मी विसरले होते.

एक उन्हाळा आणि अर्धा हिवाळा ती चालली. मग एका मंगळवारी, कामावर, बटाट्यांचा डाव हातात असताना तिचं हृदय थांबलं. पायांचा काही संबंध नव्हता, डॉक्टर म्हणाले. मी विचारलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले, कारण मी सारखी तिचे बूट काढून घेत होते, आणि कोणीतरी ते माझ्या हातून सोडवत होतं.

सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो, पप्पा, मी, मावशी, अनवाणी. दार उघडं. बिल्डिंगीतले लोक येत होते, उकडलेली अंडी येत होती. आमच्याकडे पाहून कोणी आवाज खाली आणला तरी आता त्यात चूक काही नव्हती. पप्पा त्या सात दिवसांत एकदाच स्वतःहून बोलले. म्हणाले, "आपल्या घराला वेगळं काही करायला लागलं नाही, बघ."

आठव्या दिवशी मावशीने कात्री घेतली. मेलेल्या माणसाचे जोडे कोणी घालायचे नाहीत, द्यायचेही नाहीत. ती एकेक जोड घेऊन पट्टे कापत होती, कोणी उचलून वापरू नये म्हणून. बूट. उशा. पाटावरच्या 'घरातल्या'. त्यांत टाचेच्या जागी खड्डा पडला होता, तिच्या टाचेएवढा. मी म्हणू शकले असते, मावशी, राहू दे. म्हटलं नाही. ग्रिशाच्या दुकानात खरं बोलले नाही तशीच. फक्त या वेळी वाचवायला माझे लाल कानसुद्धा नव्हते.

त्या वर्षी पेसाहच्या आधी पप्पा रंगाचा डबा घेऊन भिंतीपाशी आले. पट्ट्याकडे बघत उभे राहिले. मग डबा बंद केला.

बऱ्याच दिवसांनी माझे तळवे बदलायला मी ग्रिशाकडे गेले. त्याला कळलं नव्हतं. आईचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्या पिवळ्या गोड पुऱ्या आणायच्या मला." घाऱ्या. मला माहीत नव्हतं की ती त्याला घाऱ्या न्यायची. तो मागे गेला आणि फळीवरून एक जोड काढून आणली. साचे फार वर्षं ठेवता येत नाहीत, म्हणाला, जागा नसते, टाकून द्यावे लागतात. "तुम्ही न्या." वर्तमानपत्रात गुंडाळले. बसमध्ये मांडीवर धरून बसले. जड होते. मी उघडून पाहिलं तर टाचेच्या भेगासुद्धा उमटल्या होत्या, एकूण एक.

घरात मूर्ती ठेवत नाहीत आपल्यात. म्हणून मी ते पाय शोकेसमध्ये ठेवले नाहीत, दाराशी चपलांच्या कपाटात ठेवले, खालच्या फळीवर. आमच्या घरी लोक चपला दारात काढतात, आमच्या आईने पायच काढून ठेवलेत, असं मी पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसायचं की नाही ते ठरवेपर्यंत मी चहा टाकायला जाते. माझी मराठी आता बरी आहे. बेर्शेबा सुटल्यावर मावशीला पत्रं लिहून लिहून सुधारली, मावशी होती तोवर. ज्या प्रश्नांची उत्तरं मी हिब्रूत दिली ती सगळी आता मला मराठीत देता येतात. हो, जेवले. नाही, डबा शाळेत राहिला.

परवा माझ्या मुलीबरोबर तिची एक मैत्रीण घरी आली. मी आत होते. कपाटाचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग त्या मुलीचा आवाज, एकदम खाली आणलेला. "हे... आणि तुम्ही सगळे असे... कोणी वारलंय का तुमच्याकडे?"

मी नळ बंद केला.

"ते आजीचे पाय आहेत," माझी मुलगी म्हणाली, नेहमीच्या आवाजात. "आम्ही घरात अनवाणी असतो. तुझे बूट तिथेच ठेव, त्यांच्या बाजूला."

एवढंच बोलली ती. मी ओट्यापाशी उभी होते, पायात माझ्या 'घरातल्या' सँडल्स. दुखत काहीच नव्हतं. तरी माझा हात भिंतीला गेला.